डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला शिकवताना: वाचनाची वाट वेगळी, शिकण्याची वाट वेगळी

माझा भाचा चौथीत होता तेव्हाची गोष्ट. ग्रहणाचा धडा त्याला स्वतः वाचायला दिला की अर्ध्या पानाला पंधरा मिनिटं लागायची आणि खाली पोचेपर्यंत वरचं सगळं डोक्यातून गेलेलं असायचं. एक दिवस मी तो धडा त्याला नुसता वाचून दाखवला. त्याने टॉर्च, चेंडू आणि शर्टाचं बटण घेऊन दोन्ही ग्रहणं मला टेबलावर करून दाखवली आणि वर विचारलं, "मावशी, मग दर अमावस्येला सूर्यग्रहण का होत नाही गं?" पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं, दोघांनी मिळून शोधावं लागलं.

तेव्हा लक्षात आलं की आपण दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून ठेवलीय. वाचायला शिकणं ही एक, आणि बाकी सगळं शिकणं ही दुसरी. डिस्लेक्सियात, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जातं त्यात, अडतं ते वाचायला शिकण्यात, पण शाळेत बाकी सगळं शिकायचा रस्ता वाचनातूनच जातो म्हणून मूल दोन्हीकडे मागे पडत जातं आणि मग सगळे म्हणतात अभ्यासात कच्चा आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, हुशार होता, गणित जमायचं, पण साधे साधे शब्द वाचता येत नव्हते, आणि त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली त्याला आणि अजूनही मुलं त्याच जागी अडकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून खाली जे लिहिलंय ते दोन वाटांनी आहे, एक वाचन दुरुस्त करायची आणि एक वाचनाला वळसा घालून विषयापर्यंत पोचायची, आणि दोन्हीवर रोज थोडं थोडं चालायचं. आधी वाचन सुधारू दे मग बाकीचं बघू असं करू नका, त्यात वर्षं जातात.

सुरू करायच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्म्याचा नंबर असेल किंवा ऐकायला कमी येत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि तो आधी सुटायला हवा. मानसशास्त्रज्ञांकडून रीतसर चाचणीही करून घ्या, परीक्षेतल्या सवलतींसाठी ती लागतेच, पण रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबून राहायची गरज नाही कारण खालच्या गोष्टींनी कुठल्याच मुलाचं नुकसान होत नाही.

पुस्तक बाजूला ठेवा, आधी कान

खूप जणांना वाटतं डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं. लहानपणी जवळजवळ सगळीच मुलं काही अक्षरं उलटी काढतात, त्यावरून काही ठरत नाही. बहुतेक मुलांची खरी अडचण असते ती शब्दातले आवाज सुटे करून ऐकण्यात. आपल्याला 'नदी' ऐकली की त्यात काय काय आहे ते आपोआप कळतं, या मुलांना तो एकच गोळा ऐकू येतो, आणि गोळा सुटाच झाला नाही तर कुठल्या आवाजाला कुठलं चिन्ह लावायचं हे कसं कळणार? त्यामुळे सुरुवात तोंडी खेळांनी करायची, पेन नको वही नको, चालता चालता किंवा बसमधे बसल्या बसल्या होतं हे.

पहिले काही दिवस फक्त टाळ्या. 'कमळ' म्हणा आणि तीन टाळ्या, 'खिडकी'ला किती, 'दरवाजा'ला किती. ते जमलं की काढून टाकायचा खेळ: 'कमळ' मधला क काढला तर काय उरलं? मळ. मग बदलायचा खेळ, हा आमच्या घरी सगळ्यात जास्त चालला: 'माळ' मधला म काढ आणि ट लाव, टाळ. ट काढ ग लाव, गाळ. मग काळ, जाळ, बाळ. मुलाला स्वतःला कोडी घालू द्या, तो घालतो तेव्हा त्याचं डोकं दुप्पट चालतं. चुकला तर "नाही" म्हणू नका, शब्द परत हळू म्हणा आणि त्याला ऐकू द्या.

यानंतर चौकोन आणि बटणं. दानिल एल्कोनिन नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत काढली, कागदावर ओळीने चौकोन काढायचे आणि शब्द हळू म्हणत म्हणत प्रत्येक आवाजाला एक बटण चौकोनात सरकवायचं. आपल्या लिपीत हे दोन टप्प्यात करावं लागतं. आधी अक्षराला एक चौकोन, म्हणजे 'नदी'ला दोन. हे पक्कं झालं की काही आठवड्यांनी तोच शब्द चार चौकोनात: न्, अ, द्, ई. हा दुसरा टप्पा अवघड जातो कारण न मधला अ लपलेला असतो, कागदावर त्याचं चिन्हच नसतं. पण तो वगळू नका, काना-मात्रा आणि जोडाक्षरं पुढे याच्याच जिवावर उभी राहतात.

अक्षरं कुठल्या क्रमाने

सगळी मुळाक्षरं पाठ, मग सगळी बाराखडी पाठ, मग शब्द, हा क्रम या मुलांना मारक आहे. पाठांतर होतं पण एक सुटं अक्षर समोर धरलं की ओळखता येत नाही, पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथपर्यंत यावं लागतं. त्याऐवजी पाच-सहाच अक्षरं घ्या जी दिसायला आणि ऐकायला एकमेकांपासून लांबची आहेत, आणि लगेच शब्द करा. आम्ही क, म, ल, न, स, र घेतली होती. एवढ्यात मन, रस, कर, नरम, कलम, नमन, सरक सगळं होतं. मग फक्त काना दिला की कान, नाक, मान, लाल, मामा, काका, सामान. पंधरा दिवसांत मूल स्वतः काहीतरी वाचतंय ही भावना येते आणि ती बाकी कशानेच येत नाही.

सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात आणू नका. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, प आणि ष, ट-ठ-ढ. एक पूर्ण पक्कं होऊ द्या, इतकं की झोपेतून उठवलं तरी सांगेल, मगच दुसरं. दोन्ही शेजारी ठेवून "हे बघ इथे गाठ आहे आणि इथे नाही" असं समजावणं मला आधी फार शहाणपणाचं वाटायचं पण त्याने गोंधळ वाढायचा.

पहिली वेलांटी वेगळी शिकवावी लागते. तोंडाने आधी क् येतो मग इ, पण हाताने वेलांटी आधी काढायची. आपल्या कधी लक्षातही येत नाही, पण जे मूल आवाजाच्या क्रमाने लिहायचा प्रयत्न करतंय त्याला ही उलटापालट कोणीतरी सांगायला हवी. स्पष्ट सांगा की ही वेलांटी पुढे येऊन उभी राहते पण बोलते मागून, आणि काही दिवस ती वेगळ्या रंगाच्या पेनने काढायला लावा. रफाराचंही तेच, 'मार्ग' मधे र कानाला ग च्या आधी ऐकू येतो आणि कागदावर ग च्या डोक्यावर चढून बसतो. र हा तर पूर्ण महिन्याचा विषय आहे: रस, चक्र, राष्ट्र, मार्ग, दऱ्या, पाचही ठिकाणी र आहे आणि पाचही ठिकाणी वेगळा दिसतो. एका वेळी एकच रूप घ्या, त्याचे दहा शब्द करा, मग पुढचं. अनुस्वारही तसाच, टिंब एकच पण पंख, चंद्र आणि खांब मधे आवाज तीन वेगळे. जोडाक्षरांसाठी कार्डं करा आणि अक्षर कात्रीने खरंच अर्धं कापा, स चं अर्धं कार्ड त ला चिकटवलं की स्त, हे मुलांना हातात घेऊन लगेच पटतं.

मराठीत अक्षर दिसलं की आवाज बराचसा ठरलेला असतो, त्यामुळे ही मुलं काही काळाने मराठी बरोबर वाचायला लागतात पण वेग येत नाही. इंग्लिशमधे स्पेलिंगचा भरवसा नसतो, तिथे चुकाही होतात आणि वेगही नसतो. म्हणून मराठी जमलं आणि इंग्लिश नाही याचा अर्थ मूल आळशी आहे असा काढू नका. दोन भाषांचा सराव दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करा, वह्याही वेगळ्या ठेवा.

हात, तोंड, डोळे, कान एकदम

१९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन हे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांच्या कामातून एक पद्धत उभी राहिली, आजही बहुतेक रेमेडियल टीचर, म्हणजे अशा मुलांना खास शिकवणारे शिक्षक, तिच्यातलंच काहीतरी वापरतात. अक्षर बघायचं, त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा आणि त्याच क्षणी हाताने ते काढायचं. हे तिन्ही एकाच वेळी व्हायला हवं. घरी करायचं तर खरखरीत पॉलिश पेपरवर मोठं अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, दोन बोटांनी गिरवता गिरवता आवाज म्हणायला लावा, मग हवेत मोठं काढायचं, मग डोळे मिटून, मग वहीत न बघता. ट्रेमधे वाळू घेतली तरी चालतं. मी बऱ्याच घरांत बघते की मूल मुकाट्याने वाळूत गिरवत बसलंय आणि आई शेजारी मोबाईलवर. त्याने काहीच होत नाही, वाळूत जादू नाहीये, आवाज आणि आकार एकत्र बांधले जातात त्यात सगळं आहे.

इथेच एक सांगते. "माझं मूल व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला चित्रांनीच कळतं" असं खूप ऐकू येतं. प्रत्येक मुलाची शिकायची एक स्टाईल असते आणि त्या स्टाईलने शिकवलं की जास्त कळतं याला संशोधनात आधार सापडलेला नाही, २००८ मधे हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे तपासून हेच सांगितलं. चित्रं वापरा की, भरपूर वापरा, पण आवाजाचं काम टाळायला वापरू नका.

रोज वीस मिनिटं पुरेत. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी जास्त कामाची. पाच मिनिटं कालचं, पाच मिनिटं कानाचे खेळ, पाच-सात मिनिटं नवीन एकच गोष्ट, शेवटी त्याला नक्की येणारं काहीतरी वाचायला द्या म्हणजे उठताना चेहरा हसरा असतो.

वेगासाठी: सोबत वाचणं

अक्षरं येतात पण वाचन अडखळत होतं, या टप्प्यावर पेअर्ड रीडिंग फार उपयोगी पडतं, म्हणजे जोडीने वाचायचं. पुस्तक मुलाने निवडायचं, त्याच्या वयाला आवडेल असं, जरा अवघड असलं तरी चालेल. शेजारी बसा, समोर नको. दोघांनी एकदम मोठ्याने वाचायला सुरुवात करायची, तुमचा वेग त्याच्यापेक्षा किंचितच जास्त. जिथे त्याला वाटेल की मी एकटा वाचू शकतो तिथे त्याने टेबलावर टकटक करायची आणि तुम्ही गप्प व्हायचं. तो अडकला किंवा चुकला तर चार-पाच सेकंद थांबा, नाही जमलं तर शब्द सरळ सांगा, त्याने तो म्हणायचा, आणि परत दोघं एकत्र पुढे. "अक्षरं जुळव बघू", "काल तर आला होता ना" हे काही नाही. अक्षरं जुळवायचं काम सकाळच्या वीस मिनिटांत झालंय, इथे फक्त गोष्ट पुढे सरकायला हवी.

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली, मी चार सेकंद थांबतच नव्हते, तो अडला की शब्द माझ्या तोंडातून बाहेर. नंतर मनात एक ते चार मोजायला लागले तेव्हा बघितलं की निम्म्या वेळा शब्द त्याला येत होता, फक्त यायला वेळ लागत होता.

दुसरी पद्धत म्हणजे तोच उतारा परत परत. १९७९ मधे एस. जे. सॅम्युएल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर लिहिलं आणि तेव्हापासून ती शाळांमधे रुळली. शंभरेक शब्दांचा उतारा आधी तुम्ही वाचून दाखवा, मग त्याने तीन-चार वेळा वाचायचा, प्रत्येक वेळी लागलेला वेळ त्यानेच लिहायचा. तुलना फक्त स्वतःच्या मागच्या वेळेशी, भावंडांशी तर अजिबात नाही. आणि शाळेत सांगून ठेवा की तयारी नसताना वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका. जो वाचायचा आहे तो उतारा आदल्या दिवशी घरी कळला तर हेच मूल व्यवस्थित वाचून येतं.

दुसरी वाट: कानाने शिकणं

१९८६ मधे गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी एक साधा हिशोब मांडला होता: वाचून कळणं म्हणजे अक्षरं वाचता येणं गुणिले ऐकून कळणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे अक्षरांची बाजू सुधारेपर्यंत ऐकायची बाजू उपाशी ठेवली, तर ज्या दिवशी मूल नीट वाचायला लागेल त्या दिवशी त्याच्याकडे शब्दच कमी असतील, विषयांची ओळखच नसेल. बाकीची मुलं दर वर्षी पुस्तकांतून हजारो शब्द गोळा करत असतात, ते या मुलाला कानातून मिळायला हवेत. म्हणून ऑडिओबुक म्हणजे चीटिंग असं कोणी म्हणालं की मला राग येतो. चष्मा लावून वाचणं चीटिंग नाही तर हे कसं?

करायचं काय तर, धडे स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा, एकेक धडा वेगळी फाईल, आणि पुस्तक उघडं ठेवून बोट फिरवत ऐकायला सांगा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीमधे ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवायची सोय आधीपासून असते, वेगळं ॲप घ्यावं लागत नाही, वेग कमी करून ठेवा. लिहिण्यासाठी व्हॉइस टायपिंग, मराठीतही चालतं. निबंध आधी बोलून घ्यायचा, मग फोनकडून परत वाचून घ्यायचा, कारण डोळ्याला न दिसलेली चूक कानाला लगेच टोचते. उत्तरं तोंडी घ्या आणि तुम्ही लिहा, निदान विज्ञान-इतिहासाची तरी. त्याला इतिहास किती येतो हे बघायचंय, हस्ताक्षर बघायचं नाहीये. मोठ्या धड्याचं एका पानावर चित्र करायचं, मधे विषय, बाजूला फांद्या, एका फांदीवर दोन-तीनच शब्द.

पाढे पाठ होत नाहीत ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात असते. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या आणि गणित सोडवू द्या, विचार करायची शक्ती आठवण्यात घालवू नका. सूचना एका वेळी एकच, "वही काढ, पान ४२ उघड, तारीख लिही आणि तिसरं गणित कर" यातलं दुसरं वाक्य येईपर्यंत पहिलं गेलेलं असतं.

छापील कागदाबद्दल थोडक्यात: अक्षर मोठं, ओळीत दीडपट अंतर, उजवी कड सरळ करायचा हट्ट नको, पांढऱ्याशुभ्र ऐवजी किंचित क्रीम कागद. २०१२ मधे इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेल्या एका अभ्यासात अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर वाचन लगेच सुधारलं होतं, पण देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, म्हणून इथे शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवा. डिस्लेक्सियासाठी बनवलेले खास फॉन्ट मिळतात, त्यांच्या आकाराने फरक पडतो असं अभ्यासांत फारसं दिसलेलं नाही.

ज्यावर पैसे घालवू नका

रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, तोल सांभाळायचे व्यायाम, मेंदू जोडायचे कोर्स. २००९ मधे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांसोबत स्पष्ट लिहिलं की रंगीत काचा किंवा डोळ्यांच्या ट्रेनिंगने डिस्लेक्सियात फायदा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. थकलेल्या आईवडिलांना कोणीतरी "तीन महिन्यांत बरा करतो" म्हणतं तेव्हा हो म्हणावंसं वाटतं हे मला माहितीये, मीही एका ठिकाणी फी भरून आलेली आहे. डिस्लेक्सिया हा आजार नाही आणि तो बरा होत नाही, वाचन मात्र सुधारतं. कोणाकडेही जाताना एकच विचारा: यात मूल रोज अक्षर आणि आवाज यांच्यावर काम करणार आहे का? उत्तर नाही आलं तर उठून या.

मोठ्या माणसांसाठी

वय झालं म्हणून वाट बंद होत नाही. आवाजाचे खेळ मोठ्यांनाही लागू पडतात, फक्त बडबडगीतांऐवजी त्यांच्या कामातले शब्द घ्या, रोजच्या फॉर्मवरचे, मशीनवरचे, ऑफिसच्या मेलमधले. मीटिंगच्या आधी अजेंडा मागून घ्या आणि फोनकडून ऐकून जा. लांब मेल पाठवायच्या आधी मोठ्याने वाचून घ्या. सहकाऱ्याला सांगायची तयारी असेल तर "मला हे व्हॉइस नोटवर पाठव" एवढं म्हणणं पुरतं, कारण द्यायलाच हवं असं नाही.

प्रगती मोजायला महिन्यातून एकदा साधारण तेवढ्याच कठीण उताऱ्याचं वाचन रेकॉर्ड करून तारीख टाकून ठेवा. रोज बघून काही कळत नाही, चार महिन्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग ऐकलं की कळतं. आणि दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर मुलाला जास्त वेळ बसवू नका, मागे जा. बहुतेक वेळा आवाजाची एखादी पायरी कच्ची राहिलेली असते, तेव्हा नवीन अक्षर थांबवून चौकोन आणि बटणं परत काढा.